तरुण प्रशिक्षकाच्या हाती संघ देताना

भिवंडी, मुंब्रा, कल्याण या बाजूच्या क्लबचालकांकडून एक प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. संघासाठी यंदा पगारी मुख्य प्रशिक्षक नेमायचा आहे. जुने सर थकलेत किंवा त्यांचं मानधन आता झेपत नाही. समोर एक सव्वीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आहे. लायसन्स आहे, मेहनती आहे, पोरं त्याचं ऐकतात. पण मोठ्यांच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याने एकही हंगाम काढलेला नाही. घ्यावा का?

याचं निम्मं उत्तर त्या मुलात आहे आणि निम्मं तुमच्या क्लबात. कार्यकारिण्या मुलाची कसून पारख करतात, वय विचारतात, प्रमाणपत्रं मागतात. त्याला सांभाळण्याची, वेळ देण्याची, त्याच्यामागे उभं राहण्याची आपली तयारी किती, हे मात्र क्वचितच तपासलं जातं. तरुण प्रशिक्षकाचे प्रयोग फसतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या निम्म्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

खालिद जमील यांचं उदाहरण नीट वाचा

आपल्याच भागातलं उदाहरण आहे, आणि ते अर्धवट सांगितलं जातं म्हणून थोडं सविस्तर मांडतो. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी हा आय-लीगमधला बेताच्या ताकदीचा क्लब. खालिद जमील या क्लबचे खेळाडू होते. दुखापतींनी कारकीर्द आटोपली आणि २००९ मध्ये क्लबने त्यांच्याच हाती संघ दिला. तेव्हा त्यांचं वय ३२. मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नव्हता.

पुढे काय झालं, ते लक्षात घ्या. मुंबई एफसीने त्यांच्या काळात आय-लीग कधी जिंकली नाही. क्लबची अपेक्षा लीगमध्ये टिकून राहण्याची होती आणि ती त्यांनी हंगामामागून हंगाम पूर्ण केली. बचाव घट्ट, खेळ साधा, बरोबरीत सुटलेले सामने भरपूर. हा खेळ अनेकांना आवडत नसे. तरी क्लबने २०१६ पर्यंत त्यांना ठेवलं. त्यानंतर ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले आणि २०१६-१७ ची आय-लीग जिंकून बसले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि लीगबाहेर पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले.

यातून ‘तरुणाला घ्या, तो जिंकून देईल’ असा अर्थ काढू नका. क्लबने काय केलं होतं ते पाहा. माणूस आतून ओळखीचा होता. ध्येय आवाक्यातलं आणि एकच होतं. वाईट महिने आले तरी त्याला वेळ मिळाला. यातली एकही गोष्ट तुमच्याकडे नसेल, तर जमील यांच्या नावाचा आधार घेऊन कुणाला नेमू नका.

अनुभव नाही, म्हणजे नेमका कोणता नाही?

‘अननुभवी’ या एका शेऱ्याखाली चार वेगवेगळी माणसं येतात. तुमच्यासमोरचा उमेदवार त्यांतला कोण, हे आधी ठरवा.

- मोठा खेळाडू, पण शिकवण्याचा सराव कमी. गॅरी नेव्हिल हे इंग्लंडचे नामवंत खेळाडू. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबने त्यांना हंगामाच्या मधेच मुख्य प्रशिक्षक केलं. भाषा येत नव्हती, मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नव्हता. बार्सिलोनाकडून ०-७ असा पराभव झाला आणि मार्चअखेर ते पदावरून गेले. भिवंडीत हा धोका संतोष करंडक खेळलेल्या किंवा मुंबईच्या कंपनी-संघातून निवृत्त झालेल्या खेळाडूच्या रूपाने येतो. नावाला मान द्या, पण नाव पाहून पद देऊ नका.
- मोठ्या पातळीवर खेळलेला नाही, पण लहान गटांना वर्षानुवर्षं शिकवलंय. जर्मनीत यूलियान नागेल्समान यांना फेब्रुवारी २०१६ मध्ये होफेनहाइमने वयाच्या २८ व्या वर्षी मुख्य प्रशिक्षक केलं. संघ घसरणीच्या काठावर होता, तो वाचला. पण नागेल्समान हे नवखे नव्हते. याच क्लबच्या १९ वर्षांखालील संघाला त्यांनी २०१४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं.
- सहायक होता, मुख्य नव्हता. मुंबई सिटीने डिसेंबर २०२३ मध्ये पेत्र क्रात्की यांना आणलं, तेव्हा ते मेलबर्न सिटीचे सहायक होते. पाच महिन्यांत, ४ मे २०२४ रोजी, मुंबई सिटीने अंतिम सामन्यात मोहन बागानला ३-१ असं हरवून आयएसएल करंडक जिंकला. गोव्याचे क्लिफर्ड मिरांडाही याच वाटेने आले. २०२० मध्ये एफसी गोवाने मुख्य प्रशिक्षक लोबेरांना काढल्यावर हंगामी जबाबदारी त्यांच्यावर आली आणि गोव्याने लीग शील्ड पटकावली. २०२३ मध्ये ओडिशासाठी पुन्हा हंगामी म्हणूनच त्यांनी सुपर कप जिंकला.
- फक्त प्रमाणपत्र आहे. अभ्यासक्रम पूर्ण, पण सलग एक वर्षही कुठला संघ सांभाळलेला नाही. अशाला मुख्य प्रशिक्षक करू नका. सहायक करा, एक वर्ष द्या आणि मग पुन्हा विचार करा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातल्या माणसावर पैज लावायला हरकत नाही. पहिल्यावर लावायची तर त्याच्या बाजूला पक्का सहायक हवाच.

लायसन्सचं काय?

आपल्याकडे ‘डी’ लायसन्स अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं असतं. ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’ ही पुढची पायरी-पायरीची लायसन्स आशियाई महासंघाच्या चौकटीतली. तुम्ही ज्या स्पर्धेत खेळणार, तिच्या चालू हंगामाच्या नियमपत्रकात मुख्य प्रशिक्षकासाठी किमान कोणतं लायसन्स लागतं, ते करार करण्याआधी लेखी विचारून घ्या. जिल्हा संघटना, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि राष्ट्रीय लीग यांच्या अटी सारख्या नसतात. प्रमाणपत्राची झेरॉक्स पाहून थांबू नका. महासंघाच्या नोंदणी प्रणालीत त्याचं नाव आणि वैधता तपासा. मुदत संपलेली लायसन्स फायलीत लावून ठेवलेली आढळतात.

फ्रान्समध्ये ऱ्हांस क्लबने २०२२ मध्ये विल स्टिल या जेमतेम तिशीच्या माणसाला संघ दिला. त्यांच्याकडे आवश्यक लायसन्स नव्हतं, म्हणून क्लब दर सामन्याला २५,००० युरो दंड भरत राहिला. स्टिल आल्यावर संघ लीगमध्ये लागोपाठ १७ सामने हरला नाही, त्यामुळे तो खर्च क्लबला परवडला. तुम्हाला असा खर्च परवडणार नाही. आणि एक जुनी पळवाट तर मुळीच वापरू नका: कागदावर एक लायसन्सधारक, मैदानावर दुसराच माणूस. तक्रार झाली की क्लबची नोंदणी अडचणीत येते आणि त्या मुलाने घेतलेली मेहनत कुठेच नोंदली जात नाही.

मुलाखत कमी, मैदान जास्त

तासभराच्या मुलाखतीत गोड बोलणारा जिंकतो. त्यापेक्षा तीन सराव-सत्रं द्या, तुमच्याच खेळाडूंबरोबर. भिवंडीच्या टावरे स्टेडियमवर असो की शाळेच्या मैदानावर, तुम्हाला रोज मिळतं तेच मैदान आणि तेवढाच वेळ द्या. पहिलं सत्र तो घोटून आलेला असतो. तिसऱ्याकडे लक्ष द्या. आधीच्या दोन सत्रांत दिसलेली चूक त्याने पकडली का, आणि तिच्यावर काही काम केलं का, हे तिथे कळतं.

काय पाहायचं?

- समजावणं कोणत्या भाषेत? अभ्यासक्रम बहुधा इंग्रजीत होतो. तुमच्या संघात उर्दू, हिंदी, मराठी, भोजपुरी बोलणारी पोरं एकत्र आहेत. चेंडू गेल्यावर कुणी कुठे धावायचं, हे त्याला चार सोप्या वाक्यांत सांगता येतं का?
- दमलेल्या खेळाडूंकडे नजर आहे का? यंत्रमागावर किंवा गोदामात बारा तासांची पाळी करून आलेल्या मुलाला आणि कॉलेजातून आलेल्या मुलाला एकच व्यायाम देणारा प्रशिक्षक महिन्याभरात अर्धा संघ जखमी करील.
- रमझानचं नियोजन विचारा. रोजे असताना सराव इफ्तारच्या आधी हलका ठेवणार की तरावीहनंतर रात्री? पाण्याचं काय? शुक्रवारच्या नमाजेची वेळ त्याच्या वेळापत्रकात आहे का? भिवंडीच्या संघासाठी हा मुख्य प्रश्न आहे.
- पावसाळ्याचं काय? मैदान चिखलात गेलं की दोन महिने तो काय करून घेणार?

मग एक अवघड प्रसंग समोर ठेवा. संघातला ३३ वर्षांचा कर्णधार सरावाला उशिरा येतो, त्याचा मोठा भाऊ कार्यकारिणीत आहे आणि शनिवारी निर्णायक सामना आहे. उमेदवार काय करील? उत्तर कोणतंही असू शकतं. मी बघेन ते हे, की तो आधी कर्णधाराशी एकट्याने बोलायचं म्हणतो की थेट शिक्षेवर येतो. वयाने मोठ्या खेळाडूंना सांभाळणं हेच तरुण प्रशिक्षकाचं सर्वांत कठीण काम आहे, आणि ते त्याला कुठल्याच अभ्यासक्रमात पुरेसं शिकवलेलं नसतं.

जिथे त्याने आधी काम केलं, तिथे फोन करा. मुख्य प्रशिक्षकाला विचाराच, पण साहित्य सांभाळणाऱ्याला आणि राखीव गोलरक्षकालाही विचारा. खेळायला न मिळालेला खेळाडू ज्याच्याबद्दल बरं बोलतो, तो माणूस सहसा चांगला निघतो.

आता क्लबची पारख

ही यादी कार्यकारिणीच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

१. संघ कोण निवडणार? प्रायोजकाचा मुलगा, विश्वस्ताचा पुतण्या, ‘अमुक गल्लीतला एक तरी घ्या’ असा आग्रह — हे अनुभवी प्रशिक्षक हसून टाळू शकतो, तरुणाला ते जमत नाही. पहिल्याच महिन्यात त्याने एकदा मान तुकवली की खेळाडूंना कळतं, की अकरा जण खरं तर दुसरीकडे ठरतात. त्यानंतर त्याला कुणी मानत नाही. निवड त्याची, हे तुम्हाला मान्य नसेल तर कृपया तरुण प्रशिक्षक नेमू नका. त्याचं करिअर मोडेल आणि तुमचा हंगामही जाईल.

२. तक्रार कुठे जाणार? खेळाडू रात्री सचिवांच्या घरी जाऊन गाऱ्हाणं सांगतात आणि सचिव ऐकून घेतात. हे थांबवा. एकच माणूस नेमा, तो प्रशिक्षकाला विचारूनच बोलेल.

३. त्याच्या बाजूला कोण? एखादे निवृत्त सर सल्लागार म्हणून, आठवड्यातून एकदा, पैसे देऊन. सामन्याच्या दिवशी त्यांनी बाकावर बसू नये, नाहीतर खेळाडू त्यांच्याकडेच बघत राहतात.

४. किती वेळ? डेस बकिंगहॅम ३६ व्या वर्षी मुंबई सिटीत आले. पहिल्या, २०२१-२२ च्या हंगामात गतविजेता संघ पाचवा आला, बाद फेरीतही पोहोचला नाही. क्लबने त्यांना ठेवलं. एप्रिल २०२२ मध्ये याच संघाने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या हंगामात लीग शील्डही आली. त्यांच्यामागे क्लबमध्ये तेव्हा मोठा हिस्सा असलेल्या सिटी फुटबॉल समूहाची यंत्रणा होती, तुमच्यामागे तशी नसेल. पण एक पूर्ण हंगाम द्यायला यंत्रणा लागत नाही, ठराव लागतो.

५. एकच ध्येय कोणतं? ‘लीग जिंका, तरुण घडवा, प्रेक्षक आणा’ असं तिन्ही एकदम सांगू नका. टिकायचं आहे की वर जायचं आहे, ते एका ओळीत लिहा.

पाचपैकी पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं, तर अनुभवी माणूसच घ्या, महाग पडला तरी. हंगामाच्या मधे, संघ तळाला असताना, नवख्याला उभं करणं मी टाळेन. अपवाद एकच, तो आधीपासून तुमचा सहायक असेल तर.

करार: दोन पानं, पण लेखी

तोंडी ठरलेल्या मानधनावरून वाद होतात आणि त्यात सहसा तरुण प्रशिक्षकच नुकसानीत राहतो. क्लब धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास असेल, तर नेमणुकीचा ठराव करा आणि पैसे बँकेतूनच द्या. माणूस पगारी नोकर आहे की व्यावसायिक शुल्कावर, हे आधी ठरवा. प्राप्तिकराची कपात त्यावर अवलंबून असते, तुमच्या लेखापालांना विचारा. करारात एवढं हवं:

- मुदत, म्हणजे किमान एक पूर्ण हंगाम, आणि मुदतवाढ कोणत्या तारखेपर्यंत कळवायची.
- मानधन किती, दर महिन्याच्या कोणत्या तारखेला, प्रवास आणि साहित्याचा खर्च कुणाचा.
- संघनिवडीचा आणि सहायकाबद्दल मत देण्याचा अधिकार.
- पुढच्या लायसन्सचा खर्च क्लब करणार असेल तर किती. मधेच सोडून गेल्यास त्यातला किती भाग परत, तोही झालेल्या प्रत्यक्ष खर्चाइतकाच.
- लीग पुढे ढकलली किंवा रद्द झाली तर काय? जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम स्थगित झाला तेव्हा काही क्लबांनी खेळाडू आणि प्रशिक्षकांचे पगार थांबवले. आयएसएलमध्ये हे घडतं, तर जिल्हा लीगमध्ये नक्की घडू शकतं.
- दोन्ही बाजूंना किती दिवसांची सूचना, आणि मुदतीआधी काढल्यास भरपाई किती.

‘करार संपल्यावर दोन वर्षं ठाणे जिल्ह्यात दुसऱ्या क्लबला शिकवायचं नाही’ असं कलम काही क्लब घालतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली असा व्यवसायबंदीचा करार निरर्थक ठरतो. घालू नका, आणि प्रशिक्षक असाल तर त्याला घाबरू नका. उमेदवार परदेशी असेल तर फिफाचे प्रशिक्षकांविषयीचे नियम लागू होऊ शकतात. त्यांनुसार, नंतर लायसन्स किंवा व्हिसा मिळाला नाही म्हणून करार रद्द, अशी अट चालत नाही. ती तपासणी सहीआधी करणं ही क्लबचीच जबाबदारी. किमान दोन महिन्यांचा पगार थकला, तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांनी प्रशिक्षक सोडून जाऊ शकतो.

तरुण वाचकांनो, तुम्ही उमेदवार असाल तर एवढंच: सही केलेली प्रत स्वतःकडे ठेवा आणि संघनिवडीचं कलम नसेल तर सही करू नका. पद मोठं असलं तरी.

लहान मुलं असतील तर

बहुतेक क्लबांत वरच्या संघाचा प्रशिक्षक संध्याकाळी मुलांनाही शिकवतो. नेमणुकीआधी पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागा, अर्ज ऑनलाइन होतो. वय, ओळख, शिफारस काहीही असो, ते सर्वांसाठी सक्तीचं ठेवा. मुलांबरोबर एकट्याने प्रवास नाही, खासगी संदेश नाहीत, पालकांच्या गटावरच निरोप. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आपसांत मिटवू’ हा पर्याय कार्यकारिणीला कायद्यानेच ठेवलेला नाही.

पहिले सहा आठवडे, आणि जमलं नाही तर

नेमणूक जाहीर करताना अध्यक्षांनी स्वतः सर्व खेळाडूंसमोर सांगावं, की निवड यांची आहे. वरिष्ठ खेळाडूंना आदल्या दिवशी वेगळं भेटून विश्वासात घ्यावं. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास बसा आणि निकालांऐवजी चार गोष्टी विचारा: सरावाला हजेरी किती, जखमी किती, नवे किती जण खेळले, आणि त्याला क्लबकडून काय हवंय. लागोपाठ चार पराभव झाले आणि हजेरी टिकून असेल, तर थांबा. निकाल बरे असून हजेरी घसरत असेल, तर लगेच बोला.

तरीही नाही जमलं, तर हंगाम संपल्यावर वेगळे व्हा. तोंडावर सांगा, व्हॉट्सअॅपवर नको. थकबाकी त्याच आठवड्यात द्या, अनुभवपत्रावर तारखा आणि पद बरोबर लिहा, आणि नोंदणी प्रणालीत त्याला मोकळं करा. तो सहायक म्हणून राहायला तयार असेल, तर तो पर्यायही विचारात घ्या, मात्र नव्या मुख्य प्रशिक्षकाला आधी विचारून.